एक्केचाळिसाव्या भागातल्या पापण्या

स्त्री आणि पुरुष यांच्यात नेमका फरक किती, या प्रश्नावर विद्वानांनी जाडजूड ग्रंथ लिहिले, सभा गाजवल्या, एकमेकांशी बोलणं टाकलं; पण त्याचं अचूक, मोजूनमापून उत्तर अख्ख्या मानवजातीत एकाच माणसाला ठाऊक होतं. सहा पापण्या आणि एक रिबीन. एक कमी नाही, एक जास्त नाही.

हा महापुरुष त्या शनिवारी सकाळी टॉवेल गुंडाळून न्हाणीघराच्या दारात उभा होता आणि गरम पाणी कोणी संपवलं याची चौकशी करत होता.

"घरात माणसं दोन," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "त्यातल्या एकीची आंघोळ अजून व्हायचीय. आता लावा शोध."

त्यांना सगळे पापणीकाका म्हणत. खरं नाव होतं, पण ते फक्त सरकारी कागदांवर वापरायचे. एकतीस वर्षं त्यांनी एका कार्टून स्टुडिओत काढली होती. तिसरा मजला, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर एक लांबलचक खोली. खिडक्यांखाली ओळीने काचेची टेबलं, टेबलांच्या पोटात दिवे. चित्रकार पेन्सिलीने चित्रं काढायचे, ती पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावावर शाईने उतरवली जायची. या तावाला सेल म्हणत. मग सेल पालथा घालून मागून रंग भरायचा, आणि कॅमेऱ्याखाली ठेवून एकेक फोटो काढायचा. पाणमांजराने नुसती शेपटी हलवली तरी दहा माणसांचा दिवस जायचा. बोटांचा घाम सेलला लागू नये म्हणून सगळ्यांच्या हातात पांढरे सुती हातमोजे, दोन बोटं आणि अंगठा कापलेले. असे अर्धे हातमोजे घालून खाली माना घालून बसलेली तीस माणसं बघून एकदा नवा पोस्टमन टपाल न देताच परत गेला. खालच्या सायकलवाल्याला म्हणाला, वर ऑपरेशन चाललंय.

स्टुडिओची एकच मालिका चालली, पण ती अशी चालली, की रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. नदीवर आग विझवायची बोट, आणि बोटीवर दोन पाणमांजरं, भाऊ आणि बहीण: डुबक आणि डुबकी. बोट चालवायचा डुबक. दोर फेकायचा डुबक. डुबकी डबा आणायची आणि किनाऱ्यावर उभी राहून, गालांवर दोन्ही हात ठेवून "सांभाळ!" म्हणून ओरडायची.

डुबकीचं वेगळं चित्र कोणी काढलंच नव्हतं. भिंतीवर नमुन्याचे तक्ते लावलेले असत. डुबकचा तक्ता हातभर: हसताना, रागावताना, दोर ओढताना, पाण्यात पडताना. डुबकीच्या तक्त्यावर एकच ओळ होती: "डुबकप्रमाणेच. अधिक पापण्या, अधिक रिबीन." लेखकाने नावाला एक वेलांटी जोडली आणि तो चहा प्यायला गेला. बाकीची बाई पापणीकाकांना करायची होती. सगळ्यात बारीक कुंचला, एका डोळ्याला तीन फटकारे, दुसऱ्याला तीन, डोक्यावर रिबिनीची रेघ. की सेल रंगाच्या टेबलावर. तिथे बायको बसायची. ती मागून रंग भरायची. दोघांचं लग्न त्या दोन टेबलांमधल्या सात फुटांत जमलं होतं.

तर त्या शनिवारी गरम पाण्याचा प्रश्न लोंबकळत असतानाच फोन वाजला.

"काका, मी जुन्या मालिका साफसूफ करते ना, तिकडून बोलतेय," एक मुलगी म्हणाली. "डुबकची मालिका पुन्हा लागणार आहे. ओरखडे काढले, रंग उजळले. फक्त एका भागावर अडलंय. एक्केचाळीस."

पापणीकाका खुर्चीवर बसले. टॉवेलसकट.

"धरणाचा," ते म्हणाले.

"हो, धरण फुटतं तो! त्यात बोट डुबकी चालवतेय आणि डुबक किनाऱ्यावर रडतोय. बाकीच्या एकशे आठ भागांत असं कुठेच नाही. मग हे मुद्दाम की चुकून? आमच्याकडे प्रत्येक दोषाचं पत्रक असतं. दोन चौकोन असतात: 'हेतुपुरस्सर' आणि 'नजरचूक'. हेतुपुरस्सर असेल तर आम्ही हात लावत नाही. नजरचूक असेल तर दुरुस्त करतो. श्रेयनामावलीत 'पापण्या व रिबिनी' यापुढे फक्त तुमचंच नाव आहे, म्हणून सही तुमची."

"दुरुस्त म्हणजे?"

"इकडच्या पापण्या काढून तिकडे लावायच्या. कॉम्प्युटरवर अर्ध्या तासाचं काम आहे, काका."

अर्ध्या तासाचं. पापणीकाकांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. आयुष्यभर तो हात आदराने वागवला गेला होता, भाजी चिरायलासुद्धा लावला नव्हता.

"सोमवारपर्यंत कळवा. पत्रक आणि साफ केलेला भाग पाठवते, बघून घ्या."

फोन ठेवला. बायको दारात उभी होती, हातात उलथनं.

"काय सांगणार?"

"जे खरं आहे ते."

"आणि कप्तानाला काय सांगणार?"

इथे खरी मेख होती. कप्तान म्हणजे त्यांची मुलगी. माहेरी तिला हेच नाव होतं, आणि आता ते नावापुरतं उरलं नव्हतं. खाडीच्या या काठावरून त्या काठावर जाणारी फेरीबोट ती चालवत असे: तीनशे माणसं, चाळीस गाड्या, आणि धुक्याच्या दिवशी सगळ्यांचा जीव तिच्या हातात. तिच्या केबिनमध्ये, होकायंत्राच्या वर, एक चौकट होती. एक्केचाळिसाव्या भागातला एक सेल. सुकाणूवर डुबकी, तोंड उघडं, रिबीन वाऱ्यावर. केबिनमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला कप्तान सांगायची, "मी सहा वर्षांची होते. माझ्या बाबांनी माझ्यासाठी हिला बोटीवर बसवलं. साहेबांना न विचारता." नोकरीच्या मुलाखतीतही तिने हेच सांगितलं होतं. लग्न ठरताना नवऱ्यालाही.

आणि पापणीकाका पस्तीस वर्षं गप्प होते. लोक कौतुक करायचे तेव्हा ते नम्रपणे खाली बघायचे. खाली बघण्याला नम्रता म्हणतात, हा लोकांचा समज होता.

झालं होतं असं. एक्केचाळिसाव्या भागासाठी सेलच्या दोन थप्प्या आल्या. एक बोटीवरची, दोनशे बारा. दुसरी किनाऱ्यावरची, चव्वेचाळीस. थप्पीवर डुबक की डुबकी याची चिठ्ठी असते. त्या दिवशी चिठ्ठ्या कुठेतरी गळून पडल्या. बोट आणि सुकाणू वेगळ्या तावांवर असायची, त्यामुळे पापणीकाकांच्या टेबलावर फक्त पाणमांजराचं डोकं आणि खांदे. वरच्या सेलवर तोंड हे एवढं उघडलेलं. आता, डुबक हुकूम सोडायचा तेव्हा जे तोंड उघडायचं, तेच डुबकी किंकाळी फोडायची तेव्हा. चित्रकाराने कष्ट वाचवले होते. पापणीकाकांनी त्या तोंडाकडे पाहिलं आणि क्षणभरही विचार केला नाही. एवढं मोठं तोंड? म्हणजे बाई ओरडतेय. कुंचला बुडवला आणि लावायला घेतल्या पापण्या.

कॅमेरावाल्याला सेलवरच्या आकड्यांशी मतलब. आवाज आधीच भरलेला. दोन्ही पाणमांजरांना आवाज एकच बाई द्यायच्या. डुबकसाठी घशातून, डुबकीसाठी नाकातून. भाग शुक्रवारी तयार झाला, रविवारी लागला. दिग्दर्शकसाहेबांनी तो घरी बघितला आणि त्यांचा टोस्ट हातातच राहिला.

त्या आठवड्यात चारशे सोळा पत्रं आली. एवढी पत्रं स्टुडिओच्या जन्मात आली नव्हती. एका मुलीने लिहिलं, "डुबकीला सर्दी झाली होती, आवाज बसला होता, तरी तिने गाव वाचवलं." एका मुलाने लिहिलं, "डुबक रडला ते मला आवडलं. मी पण रडतो, पण कोणाला सांगू नका." साहेबांनी सगळी पत्रं वाचली, डोळे पुसले आणि भिंतीवर सूचना लावली: "ज्याच्या हातात दोर, त्याला पापणी नाही. हुकुमावरून." बेचाळिसाव्या भागात डुबकी डबा घेऊन किनाऱ्यावर हजर. तिला कोणी विचारलंही नाही, की काल तर तू धरण अडवलंस, आज डबा का?

"चूक म्हणून सही केली," पापणीकाका शनिवारी रात्रीच्या जेवणाला म्हणाले, "तर ती मुलगी डुबकीला अर्ध्या तासात बोटीवरून उतरवणार. आणि कप्तान म्हणेल, माझा बाप तीस-पस्तीस वर्षं फुकटचा हार घालून फिरला."

"मग मुद्दाम म्हणून करा."

"खोट्या कागदावर सही? अगं, आपल्याकडे साधा शाईचा ठिपका पडला तरी आपण वहीत लिहायचो, 'माझ्या हातून'."

"मग नका करू." बायकोने त्यांच्या ताटात आणखी एक उकडलेलं अंडं वाढलं. "पण उद्या ती येतेय. आणि तोंड पाडून बसलात की पोरीला लगेच कळतं. तिला धुक्यात दिसतं, तुमचा चेहरा काय चीज आहे!"

रविवारी सकाळी कप्तान आली. गणवेशाचा कोट खुंटीला, बूट दाराशी, आणि आल्या आल्या हुकूम: "पडदे ओढा. आई, तू तिकडे. बाबा, मध्ये. लावते."

पापणीकाका टीव्हीसमोर उभे राहिले. शाळेत कविता विसरलेल्या मुलासारखे.

"आधी ऐक. मग लाव."

"बाबा, उभे काय? बसा ना."

"मी ते तुझ्यासाठी केलं नव्हतं," पापणीकाका म्हणाले. एका दमात. "चिठ्ठ्या पडल्या होत्या. मला वाटलं, तोंड उघडंय म्हणजे बाई ओरडतेय. एवढंच. चूक होती. तू लहान होतीस, गळ्यात पडलीस, म्हणालीस, बाबा, माझ्यासाठी? मी म्हटलं, हो. मग ते 'हो' मागे घ्यायचं राहूनच गेलं."

कप्तानाच्या नोकरीत, समोर काही अनपेक्षित आलं तर आधी वेग कमी करायचा असतो. तिने रिमोट मांडीवर ठेवला.

"त्या केबिनमधल्या चित्राखाली," ती हळू म्हणाली, "मी नव्या मुलींना शिकवते. चार जणी तयार झाल्या माझ्या हाताखाली. प्रत्येकीला हीच गोष्ट सांगितलीय."

"म्हणून तर," पापणीकाका म्हणाले. आणि टीव्हीसमोरून बाजूला झाले.

"लाव गं तू," बायको म्हणाली. "बघू तरी. चुकीचीच असली तरी बघायला काय हरकत आहे?"

भाग लागला. आणि पापणीकाका सगळं विसरले. ओरखडे गेले होते, धूळ गेली होती. नदी पुन्हा तशी निळी, जशी ती फक्त त्या तिसऱ्या मजल्यावर, दुपारी तीनच्या उजेडात असायची. बोटीच्या भोंग्याचा आवाज ऐकला आणि त्यांच्या नाकात रंगाचा वास आला, स्टोव्हवरच्या चहाचा आला, खालून येणारा सायकलच्या ट्यूबचा आला. टेबलामागे कोणीतरी गुणगुणायचं, कोणीतरी म्हणायचं, अहो, जरा गप्प, माझी शेपटी हलली. ते सगळे गेले. शेपट्या तेवढ्या हलताहेत.

पडद्यावर धरण फुटलं. डुबकीने सुकाणू धरलं. तोंड उघडलं, आणि घशातून आवाज आला: "दोर सोडा!"

"थांब," कप्तान स्वतःलाच म्हणाली आणि चित्र थांबवलं. मागे घेतलं. पुन्हा पुढे. "बाबा, इकडे बघा. इथे हिच्या पापण्या बदलल्या."

"कुठे?"

"ही आधीची. तीन रेघा, सरळ, एकसारख्या. कुंपण लावल्यासारख्या. आणि ही दोर खांद्यावर घेतल्यानंतरची. वाऱ्याच्या दिशेने मागे झुकल्यात. ओल्या आहेत. या दोन तर एकमेकींना चिकटल्यात. तोंडावर पाणी आलं की अशाच चिकटतात, मला विचारा. पुढच्या प्रत्येक चित्रात आहे हे."

पापणीकाका पुढे वाकले. टेबलावरचा चष्मा नाकावर चढवला. पडद्याला नाक लागेपर्यंत जवळ गेले. बघता बघता त्यांच्या खांद्यांचा पवित्रा बदलला. एकतीस वर्षांचा जुना बाक पाठीला पुन्हा आला.

"त्रेसष्ट," ते पुटपुटले. "त्रेसष्ट झाले होते. चौसष्टाव्या सेलवर खांद्यावर दोर दिसला. चाळीस भागांत डुबकीला कधी दोर मिळाला नव्हता. तेव्हा कळलं मला, थप्पी चुकली."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं होतं. पण मग... त्रेसष्ट सेलवरच्या पापण्या ब्लेडने खरवडा, कंटाळा आला असणार. म्हटलं असेन, आता चुकलंय तर चुकू दे. आळस, दुसरं काय!"

कप्तान वळली. आता तिचा आवाज केबिनमधला होता.

"एक सेल खरवडायला किती वेळ?"

"दीड-दोन मिनिटं."

"त्रेसष्टांना दोन तास. आणि पापण्या-रिबीन काढायला?"

"तेवढाच. दोन मिनिटं."

"किनाऱ्यावरचे चव्वेचाळीस, म्हणजे दीड तास. दुरुस्त करायचं असतं तर साडेतीन तासांत मोकळे झाला असता. आणि चुकीच्या थप्पीतले उरले किती होते?"

"एकशे एकोणपन्नास."

"पाच तास!" कप्तानाने मांडीवर थाप मारली. "आळशी माणूस दीड तास जास्त काम करतो होय? आणि वर प्रत्येक पापणी वाऱ्यात वळवत बसतो?"

आयुष्यात पहिल्यांदाच आपल्यावर आळसाचा आरोप सिद्ध होत नाहीये, याचं पापणीकाकांना काय करावं कळेना. मग काहीतरी वर आलं, बुडबुड्यासारखं. त्या चौसष्टाव्या सेलच्या आदल्या संध्याकाळचं. घरात पाण्याची बादली, बादलीत साबणाच्या डबीची बोट. बोट चालवणारा शेजारचा मुलगा. आणि बादलीपासून तीन पावलं दूर, गालांवर हात ठेवून उभी असलेली स्वतःची मुलगी. "सांभाळ!" ती ओरडत होती, अगदी मन लावून. ते तेव्हा हसले होते. बायको हसली नव्हती.

हे त्यांनी तुटक तुटक सांगितलं. "पण त्या बादलीमुळे केलं की नाही, ते मला खरंच आठवत नाही," ते शेवटी म्हणाले. "उगाच सांगणार नाही."

"नका सांगू," कप्तान म्हणाली. तिने बाहीने नाक पुसलं. "पापण्या सांगताहेत."

"पण रिबिनी?" पापणीकाका एकदम बायकोकडे वळले. "मी नुसती रेघ काढायचो. लाल रंग तर तुझ्या टेबलावर भरला जायचा. दोनशे बारा रिबिनी! बोटीवरच्या! तुला दिसलं नाही?"

"दिसलं की."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही दुरुस्त केलं असतं," बायको म्हणाली.

पडद्यावर डुबकी थांबलेली होती, तोंड उघडं, पापण्या ओल्या.

मग पापणीकाकांनी पत्रक मागवलं. कप्तानाने ते टेबलावर पसरलं. दोन चौकोन. पापणीकाकांनी पेन उघडलं, उजवा हात झटकला आणि दोन्ही चौकोनांत खूण केली. खाली, जिथे "शेरा" लिहिलं होतं, तिथे बारीक, सुबक अक्षरांत लिहिलं: "सेल क्रमांक एक ते त्रेसष्ट, नजरचूक, माझ्या हातून. चौसष्ट ते दोनशे बारा, हेतुपुरस्सर, माझ्याच हातून. कृपया चुकीच्याही तशाच ठेवाव्यात. त्यांच्याशिवाय पुढच्या झाल्या नसत्या." सही केली. पेन बंद केलं. कप्तानाने तो कागद दोनदा वाचला आणि घडी न घालता वहीत सपाट ठेवला.

"हे मी त्या चौघींना वाचून दाखवणार," ती म्हणाली. "गोष्ट बदलली म्हणून सांगणार."

"चिडतील?"

"चिडू देत. ही जास्त बरी आहे."

पापणीकाकांना वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं. एकतीस वर्षं, एकशे नऊ भाग, हजारो पापण्या, सगळ्यांचा एका वाक्यात सारांश होईल असं काहीतरी. ते उठले, टीव्हीसमोर उभे राहिले, घसा साफ केला.

"अहो," बायको म्हणाली, "तो नाकावरचा चष्मा माझा आहे. द्या इकडे आणि बाजूला व्हा. माझा तपकिरी कसा टिकलाय, बघू दे जरा."